मिस्सेला जाते, पण रांगेत जाऊ का?

वाचकांचे प्रश्न, पाळकबाईंची उत्तरं

प्रश्न: काकू, माझं माहेर सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रोटेस्टंट मंडळीचं, सासर कॅथलिक. लग्नाआधी बिशपांची परवानगी वगैरे सगळं रीतसर झालं. माझी मंडळी माहेरच्या गावाला. तिथे पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, आणि आमच्याकडे एसटीचं काही खरं नसतं. म्हणून दर रविवारी सासरच्यांसोबत मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेला जाते. गाणी म्हणते, वाचन ऐकते, पण परमप्रसादाची, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर म्हणून भाकर घ्यायची वेळ झाली की आमचा अख्खा बाक रिकामा होतो आणि मी एकटी बसून राहते. सासूबाई म्हणतात, "जाय ना वं सामोर, कोन इचारते तुले?" नाताळात माहेरी गेलो की नवरा मात्र आमच्या प्रभुभोजनाला (आमच्याकडे या विधीला असं म्हणतात) बिनदिक्कत पुढे जातो. आता जावेच्या मुलीचा पहिला परमप्रसाद आहे, सगळा गोतावळा जमणार. त्या दिवशी मी घेतला तर चालेल का? माझा बाप्तिस्मा झाला आहे, पुढे तो विश्वास पक्का करणारा दृढीकरणाचा विधीही झाला आहे. मग मी कमी कुठे पडते?
— एक वाचक, अचलपूर तालुका

उत्तर: पोरी, कमी तू कुठेच पडत नाहीस, ते आधी डोक्यातून काढ. पाण्यानं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावानं झालेला तुझा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं. उद्या तू कॅथलिक व्हायचं ठरवलंस तरी तो पुन्हा करणार नाहीत. पण त्यांच्याकडे परमप्रसाद घेणं म्हणजे त्या चर्चशी, त्याच्या बिशपांशी, पोपशी आणि त्याच्या शिकवणीशी मी एक आहे असं चारचौघांत जाहीर करणं. ते तू अजून केलेलं नाहीस, एवढाच फरक.

सासूबाईंचं मन मोठं आहे. सून एकटी बसलेली त्यांना बघवत नाही. पण 'कोण विचारतं' हे काही मला पटत नाही, कारण विचारतात! तुझी पाळी आली की फादर परमप्रसाद तुझ्यासमोर धरून 'ख्रिस्ताचं शरीर' म्हणतात आणि तुझ्या 'आमेन'साठी थांबतात. लग्नाच्या पंगतीत वरण वाढणारा कुणाला 'तुम्ही काय मानता' म्हणून विचारत नाही. इथे उत्तर दिल्यावरच हातावर पडतं. आणि त्यांच्या शिकवणीप्रमाणे ती दिसायला आणि चवीला भाकर असली तरी भाकर उरलेली नसते, स्वतः ख्रिस्तच असतो. म्हणून तर उरलेला परमप्रसाद वेदीजवळच्या पेटीत ठेवून कुलूप लावतात, शेजारी रात्रंदिवस दिवा असतो, आणि येणारा-जाणारा गुडघा टेकतो. तू हे दर रविवारी पाहतेस. त्याला मनापासून 'हो' म्हणता येतं का, हे तुझं तुलाच ठाऊक.

आपल्याकडे या बाबतीत दहा माणसांची बारा मतं निघतील. आपली सीएनआय मुळात सहा मंडळ्यांची मिळून झालेली. अँग्लिकन, युनायटेड चर्च, बाप्तिस्त, ब्रदरेन, डिसायपल्स आणि मेथडिस्ट, असे सगळे २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्याच नागपुरात, ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात एक झाले. बोलणी १९२९ पासून चालली होती, आणि तरी इतकी वर्षं बोलणीत असलेली एक मोठी मेथडिस्ट मंडळी ऐनवेळी बाहेर राहिली. हे तुला सांगते, कारण त्याआधी अँग्लिकनांची शिस्त अशी की बिशपांच्या हातून दृढीकरण झाल्याशिवाय प्रभुभोजन नाही. नाताळात एकमेकांकडे करंज्या-अनारशाचं ताट पाठवणारे शेजारी प्रभुभोजनाला मात्र आपापल्या चर्चमध्ये जात. तेव्हा तुझं हे बाकावरचं बसणं कॅथलिकांनीच शोधून काढलं असं समजू नकोस.

आता नियम. माझे यजमान होते तेव्हा एक फादर आमच्याकडे चहाला यायचे आणि दोघांचा वाद रंगला की पिशवीतून त्यांची धर्मसंहिता काढायचे. १९८३ ची ती संहिता, तिचं ८४४ वं कलम. त्यातला मथितार्थ असा: इतर मंडळ्यांच्या ख्रिस्ती माणसाला परमप्रसाद एरवी देत नाहीत. पण जीव जायची वेळ असेल, किंवा बिशपांच्या मते तशीच गंभीर निकड असेल, तर देता येतो. त्यालाही अटी आहेत. त्या माणसाला स्वतःच्या पाळकापर्यंत पोहोचता येत नसावं, त्यानं आपणहून मागावं, परमप्रसादाबद्दल कॅथलिकांचा जो विश्वास आहे तोच त्याचाही असावा, आणि मनाची तयारी असावी. १९९३ ला रोमहून निघालेल्या एकतेविषयीच्या निर्देशिकेत तुमच्यासारख्या जोडप्यांचा नाव घेऊन विचार केला आहे. बाप्तिस्मा आणि विवाह या दोन गोष्टी दोघांत सामायिक आहेत हे ती मान्य करते, तरीही परमप्रसाद अपवाद म्हणूनच, असं म्हणते.

म्हणजे वाट आहे, पण अरुंद आहे. तुझी मंडळी लांब, पाळकसाहेब महिन्यातून एकदा, एसटीचा भरवसा नाही, हे 'पोहोचता येत नाही' यात बसतं का? ते तू ठरवायचं नाहीस, मीही नाही, फादरांनी एकट्यानंही नाही. ते बिशपांकडे जाईल. जावेच्या मुलीचा समारंभ मात्र निकडीत बसेल असं मला वाटत नाही. गोतावळा जमणार हे कारण तर मुळीच नाही.

अगदी तुझाच प्रश्न पोप फ्रान्सिस यांनाही विचारला गेला होता, १५ नोव्हेंबर २०१५ ला, रोममधल्या लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्याच एका पंथाच्या चर्चमध्ये. विचारणारी लुथरन, नवरा कॅथलिक. परवानगी देण्याचा आपल्याला अधिकार नाही, असं ते म्हणाले, आणि प्रभूशी बोला आणि पुढे चला, असंही म्हणाले. त्यावर लोक अजून भांडतात. एक म्हणतो नाही म्हणाले, दुसरा म्हणतो हो म्हणाले. मला विचारशील तर त्यांनी तिला परत तिच्या मनाकडेच धाडलं. नियम जिथल्या तिथेच राहिला.

कुणी तुला बायबलातलं पौलाचं वचन फेकून मारलं तर घाबरू नकोस. करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय, अयोग्य प्रकारे खाणारा दोषी ठरतो ते. मागची वचनं वाच. करिंथात पोटभरले लोक आधीच जेवून घेत, उशिरा येणारे गरीब उपाशी राहत, त्यावर पौल संतापला आहे. तिथे कोण कोणत्या मंडळीचा हा हिशेब नाही.

माझं स्वतःचं मत असं की मेज प्रभूचं आहे आणि बाप्तिस्मा झालेल्या कुणालाही तिथून परत पाठवू नये. यजमानांचंही हेच मत होतं, फादरांचं नव्हतं, आणि चहा तिघांचा थंड व्हायचा. तरीही तू गुपचूप रांगेत जावंस असं मी म्हणणार नाही. त्यांच्या वेदीवर त्यांनी न दिलेलं आपण घ्यावं हे मला बरं दिसत नाही. दुसरं म्हणजे, एकदा का तू गपचूप पुढे गेलीस की सासरच्यांच्या लेखी विषय मिटला. मग तुझ्यासाठी बिशपांना कुणी विचारणार नाही. आज तू बसतेस म्हणून निदान सासूबाईंच्या पोटात कालवतं.

तर फादरांची वेळ मागून घे आणि नवऱ्याला सोबत ने. त्याचाही प्रश्न आहेच. आपले पाळक त्याला प्रभुभोजनाला अडवत नाहीत, अडवूही नये. त्याला अडवतं ते त्याचंच चर्च. ज्या चर्चचा हा संस्कार त्यांना ग्राह्य वाटतो, म्हणजे ऑर्थोडॉक्स वगैरे, तिथेच नडीला घ्यायची मुभा कॅथलिक माणसाला आहे. (त्यात गंमत अशी की बहुतेक ऑर्थोडॉक्स त्याला देणार नाहीत.) आपलं प्रभुभोजन त्यात धरत नाहीत. हे त्याला माहीत असून तो घेत असेल तर तो त्याचा आणि त्याच्या देवाचा हिशेब, तू त्यावरून घरात वाद काढू नकोस. पण 'तुमच्याकडे मला चालतं, आमच्याकडे तुला का नाही' असं तो म्हणत असेल, तर दोन्ही गोष्टी फादरांसमोर एकदमच मांडा.

समारंभाच्या दिवशीचं. काही ठिकाणी परमप्रसाद न घेणारे छातीवर हात दुमडून रांगेत जातात आणि फादर नुसता आशीर्वाद देतात. सगळीकडे ही पद्धत नाही, म्हणून आधी विचारून ठेव, ऐनवेळी फादरांना कोड्यात टाकू नकोस. नसेल तर बस. पोरीचा पांढरा फ्रॉक, डोक्यावरचा मुकुट, वीस माणसांचा स्वयंपाक, यातलं निम्मं तुझ्याच अंगावर पडणार आहे, तेव्हा त्या दिवशी तुला परकं वाटायला सवड मिळेल असं मला वाटत नाही. आणि 'काकू, तू का नाही आलीस?' असं पोरीनं विचारलं तर 'बरं नव्हतं' म्हणू नकोस. माझी मंडळी वेगळी, माझं प्रभुभोजन तिथे, असं सरळ सांग. परमप्रसाद घेण्याइतकी मोठी झाली म्हणजे एवढं कळण्याइतकीही झाली.

आणि तुझ्या पाळकसाहेबांना फोन लाव. आजाऱ्यांना घरी जाऊन प्रभुभोजन देतात, तसे तुझ्याकडेही या म्हणावं. पाळक असे मागितल्याशिवाय येत नाहीत, हे मी पाळकाच्या घरात राहून सांगते आहे. तुझ्याच घरात, सासूबाईंच्या देखत. त्यांना बसायला सांग.

पुढेमागे बाळाच्या बाप्तिस्म्याचा प्रश्न निघेल. लग्नाच्या वेळी नवऱ्यानं मुलांना कॅथलिक वळणानं वाढवण्यासाठी होईल ते करीन असं वचन दिलेलं असणार आणि तुलाही ते सांगितलं असणार. त्यावर वेगळं पत्र पाठव. इथे मावणार नाही.

प्रश्न: आमच्या मंडळीत प्रभुभोजनाला मनुकांचा रस असतो. मुंबईचे एक पाहुणे वाइन नाही म्हणून घेतल्याविना बसून राहिले. आमचा तर जिल्हाच दारूबंदीचा. आमचं चुकतं का?
— एक खजिनदार, वर्धा जिल्हा

उत्तर: दारूबंदी आडवी येत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यात धार्मिक विधीच्या द्राक्षारसासाठी परवान्याची सोय ठेवलेली आहे. कॅथलिकांना गव्हाची भाकर आणि द्राक्षांची खरी वाइनच लागते. ज्या फादरांना दारूचा थेंबही चालत नाही, त्यांना परवानगीनं जेमतेम आंबू लागलेला द्राक्षरस वापरता येतो. पाहुणे त्या वळणाचे असतील तर त्यांनी न घेणंच बरं केलं, मनाला लावून घेऊ नका.

तुमची रीतही काल-परवाची नाही. अमेरिकेत वेल्च नावाचे एक मेथडिस्ट दंतवैद्य होते. १८६९ मध्ये त्यांनी द्राक्षाचा रस तापवून, आंबणार नाही असा बाटलीत भरला, तो प्रभुभोजनासाठीच. दारूविरोधी मंडळ्यांनी तो उचलून धरला. मनुका म्हणजे वाळलेलं द्राक्षच, त्यामुळे माझ्या मते तुमचं ठीक आहे. लाल सरबत किंवा कोकम ओतणाऱ्यांशी मात्र माझं भांडण आहे.

काळ्या मनुका घ्या, देठं काढून तीनदा धुवा, शनिवारी सकाळी कोमट पाण्यात भिजत घाला. संध्याकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर शिजवा, हातानं कुस्करा, मलमलीच्या फडक्यातून गाळा. फडकं पिळू नका, रस गढूळ होतो आणि लहान पेल्यांच्या तळाशी चोथा बसतो. साखर घालू नका. पोरं दुसऱ्यांदा मागतात. गाळलेला रस फ्रिजमध्ये ठेवा. वर्ध्याच्या मे महिन्यात रात्रभर ओट्यावर राहिला तर सकाळी फेस धरलेला असेल, आणि मग खरंच परवाना काढावा लागेल.