बुधवारची उसळ सोमवारी सुरू होते

"मॅडम, स्वयंपाकाचा कंटाळा नाही हो मला. आज काय करू, याचा कंटाळा आलाय."

गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की समोरची बाई 'मॅडम, स्वयंपाकाचा...' म्हणाली की पुढचं मला कळतं. त्यातल्या एकीची ही गोष्ट. तपशील अर्थातच बदललेत.

चाळिशीची, बँकेत नोकरी करणारी. घरी नवरा, सासूबाई, आठवीतला मुलगा. तक्रार चिडचिडीची आणि झोपेची. संध्याकाळचे साडेपाच वाजले की पोटात गोळा येतो, म्हणाली. तिसऱ्या भेटीला मी नवऱ्यालाही बोलावलं. माणूस सरळ होता. "मी कधी नाही म्हणतो? यादी दे, आणतो."

"आणि भाजी काय करू विचारलं की म्हणतोस, काहीही कर," ती म्हणाली. "काहीही नावाची भाजी मंडईत मिळत नाही रे."

मी त्याला विचारलं, "घरात तूरडाळ किती आहे?"

त्यानं तिच्याकडे बघितलं.

"तिच्याकडे नका बघू."

"असेल की..."

मग मी तिला विचारलं. ती खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "बरणीत चार बोटं. शनिवारपर्यंत पुरेल, पण आमटी दोनदा झाली तर नाही. पोह्यांच्या तीन पुड्या आहेत, कारण यानं यादी न बघता आणल्या. गुरुवारी संकष्टी, म्हणजे साबुदाणा बुधवारी रात्री भिजवायचा. बुधवारी डब्याला उसळ, त्याची मटकी काल रात्री भिजवली, आज सकाळी उपसून फडक्यात बांधली."

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे बुधवारची उसळ सोमवारी सुरू होते?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. संसाराच्या चौदा वर्षांत पहिल्यांदाच ही गोष्ट कुणीतरी मोठ्यानं म्हटली होती. मी मुद्दाम काही बोलले नाही. समुपदेशकानं गप्प बसायचं कधी, हे मला वीस वर्षांत थोडंफार जमायला लागलंय.

पूर्वी मी अशा वेळी आठवड्याचा तक्ता हातात द्यायचे. तो तक्ता पाळणं, हे तिचं आणखी एक काम होऊन बसायचं! थकवा पोळ्या लाटण्याचा कमी असतो, सगळं एकटीनं डोक्यात धरून ठेवण्याचा जास्त. यादी आणणारा मदत करतो. यादी करणारीची सुटका होत नाही.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या विचारांनी काम करणारी. 'असंच व्हायला हवं' या हट्टातून माणूस स्वतःला त्रास करून घेतो, असं ते म्हणायचे. त्यामुळे माझा कान 'च'वर असतो. तिच्या बोलण्यात तो पदोपदी होता. रोज वेगळीच भाजी हवी, ताजीच हवी, सगळ्यांना आवडलीच पाहिजे. हा 'च' कुठून आला, असं विचारलं तर ती हसली. "सासूबाईंनी कधी म्हटलं नाही. माझी आई असं करायची."

मग आम्ही पदार्थ ठरवायच्या भानगडीत पडलोच नाही, फक्त वारांची जात ठरवली. रविवारी मंडई, म्हणून सोमवार-मंगळवार पालेभाजी, कारण मेथी आणि कोथिंबीर थांबत नाहीत. मग वांगी, फ्लॉवर, गवार. शेवटी दुधी, कोबी, बटाटे, जे टिकतात. मध्ये एक वार कडधान्याचा. एवढ्यानंच साडेपाचचा प्रश्न निम्मा होतो, हे करून बघा.

बुधवार आणि शनिवार नवऱ्याचे. पूर्ण त्याचे: ठरवणं, बरण्या बघणं, भिजवणं, निवडणं. त्यानं तिला काही विचारायचं नाही. तिनं काही सुचवायचं नाही. दुसरी अट जास्त अवघड होती. पहिल्या शनिवारी हा छोले भिजवायला विसरला. हे तिला शुक्रवारी रात्रीच दिसलं होतं. "मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले, मॅडम." पिठलं-भात झाला. सासूबाईंनी "आज भाजी नाही का?" विचारलं आणि लोणचं वाढून घेतलं. एवढंच झालं. आकाश कोसळलं नाही, हे तिनं स्वतः बघायला हवं होतं. माझ्या सांगण्यानं ते पटलं नसतं.

तीन महिन्यांनी ती एकटी आली. फ्रिजवर आता एक कागद लावलाय, ज्याला जे संपताना दिसेल ते त्यानं लिहायचं. पर्समधून मोबाईल काढून तिनं त्या कागदाचा फोटो दाखवला. वर तिच्या अक्षरात गूळ, शेंगदाणे. खाली मुलाच्या वेड्यावाकड्या अक्षरात: हिंग संपत आलाय.

"मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली.