मुंबईत खिशाला परवडणारे परदेशी पदार्थ कुठे मिळतील?

तुम्ही नुकतेच डोंबिवलीत राहायला आलात, पगार बेताचा आहे आणि मॉलमध्ये न जाता परदेशी चवी चाखायच्या आहेत, असं विचारलंत. माझी पंधरा वर्षं फोर्टात नोकरीत गेली, त्यावरून सांगतो. पाटीवर 'मल्टिक्युझिन' दिसलं की पुढे चालू लागा. बाहेरच्या मुलखातली माणसं मुंबईत जिथे वसली, तिथे त्यांचं रोजचं खाणं शोधा. रोज खायचं म्हटलं की ते परवडणारंच असतं.

सुरुवात इराण्यापासून करा. 'इराण्याकडे चहा' हे आपल्या तोंडात इतकं बसलंय की ही माणसं खरोखर इराणातून, यझ्द-केरमानच्या भागातून आली हे लक्षातच राहत नाही. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर १९०४ पासूनचं कयानी आहे. शंभराच्या नोटेत चहा आणि ब्रून मस्का होतो. ब्रून म्हणजे कडक पाव. सुरी लागली की कवचाचा चुरा बशीत पडतो, आतून मात्र मऊ. चहात बुडवून काढला की लोण्याचे पिवळे थेंब वर तरंगतात. तो पहिला घास मला अजून तितकाच आवडतो. पण हा प्रकार मुंबईतच रुळलेला. थेट इराणची चव हवी तर बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियाचा (१९२३) बेरी पुलाव खा. त्यातली लाल बेरी म्हणजे इराणी झरेश्क, करवंदासारखी आंबट. प्लेट स्वस्त नाही. पगार झाला की दोघांत एक घ्या.

दुसरी चव ब्रह्मदेशाची. रंगूनला व्यापाराला गेलेले मेमन परतताना तिथलं खाणं घेऊन आले, त्याला ते खावसा म्हणतात. माझा एक मेमन सहकारी डब्यात आणायचा. खाली नूडल्स, त्यावर बेसन-नारळाची कढी, मटणाचा रस्सा, वरून कुरकुरीत तळण आणि लिंबू. पहिल्या घासाला मला घरच्या कढीचीच आठवण झाली. मेमन आणि बोहरी घरांतल्या काही बायका ऑर्डरवर करून देतात. ओळख काढा, चार जण मिळून मागवा, हॉटेलपेक्षा कितीतरी कमी पडतं.

तिसरं ठिकाण कलिना. एअरलाइन आणि हॉटेलांत काम करणारी ईशान्येकडची बरीच मुलं तिथे राहतात. त्यांच्यासाठी निघालेल्या छोट्या खानावळींत तिबेटी थुक्पा (नूडल्स घातलेलं सूप) आणि मोमो मिळतात, सोबत नागा-मणिपुरी जेवणही. ते आपल्याच देशाचं, पण बांबूचे कोंब आणि आंबवलेलं सोयाबीन सीमेपलीकडे ब्रह्मदेशातही खातात. सोयाबीनचा वास उग्र असतो, एका वासावर उठू नका. तुम्हाला सेंट्रलवरून कुर्ला सोयीचं, पुढे बस किंवा रिक्षा. रात्री आठच्या सुमारास जा, ड्युटीवरून सुटलेली मुलं तेव्हाच जेवायला येतात. त्यांच्या ताटात काय आहे ते बघा आणि तेच मागा.