ब्लोअर कुरकुरतोय? नवी मोटर घेण्याआधी

जुन्या छोट्या गाड्यांत हीटर आणि एसी दोन्हींची हवा एकच ब्लोअर ढकलतो. घाटात पावसात काचेवर वाफ धरली की तीही तोच घालवतो. त्यामुळे त्याची तक्रार रेटून नेण्यासारखी नसते. यावेळी वाचकांकडून आलेले प्रश्न सगळे या ब्लोअरच्या मोटरचेच आहेत.

सातारा : २००१ ची मारुती ८००. सकाळी ब्लोअर लावला की चिवचिवाट होतो, पाच-दहा मिनिटांत थांबतो. मेकॅनिक मोटर बदला म्हणतो. तेल सोडून भागेल का?

बहुधा भागेल, पण तेल कोणतं आणि कुठे, यावर सगळं आहे. मोटरच्या शाफ्टच्या (फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन टोकांना कांस्याचे बुश असतात, म्हणजे शाफ्ट ज्यांत फिरतो ती कडी. ते भुकटी दाबून, भाजून केलेले आणि सच्छिद्र असतात. कारखान्यातच त्यांना तेल पाजलेलं असतं. बुश तापला की तेल बाहेर येतं, थंड झाला की परत आत जातं. पंधरा-वीस वर्षांत हे तेल आटतं आणि उरलेलं धुळीत मिसळून काळा चिकटा होतो. सकाळी तो घट्ट असतो म्हणून आवाज, गरम झाला की मऊ पडतो म्हणून शांतता.

गंज सोडवायचा स्प्रे मारू नका. आवाज त्याच क्षणी थांबतो, म्हणून सगळे तेच करतात. पण तो पातळ स्प्रे बुशमधलं उरलंसुरलं तेलही धुऊन नेतो आणि काही दिवसांत आवाज वाढून परत येतो. ग्रीसही नको, ते छिद्रं बुजवतं. साधं एसएई ३० ग्रेडचं इंजिन ऑइल किंवा टर्बाइन ऑइल घ्या. मोटर काढून, बुशभोवती फेल्टची चकती दिसते तिच्यावर तीन-चार थेंब सोडा आणि ते टोक वर ठेवून मोटर दोन तास उभी राहू द्या. जास्त ओतलं तर तेल कार्बनपर्यंत (फिरत्या भागाला घासत करंट देणाऱ्या तुकड्यांपर्यंत) पोचतं, कार्बनच्या भुकटीचा चिखल होतो आणि ठिणग्या वाढतात.

त्याआधी शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा हलवून बघा. हाताला प्ले (सैलपणा) जाणवला तर तेलाने काही होणार नाही, बुशच बदलावा लागेल. नवा बुश घट्ट बसतो म्हणून आतून ड्रिल किंवा रीमर फिरवणारे असतात. त्यांना थांबवा. घासल्याने छिद्रं मिटतात आणि बुश पहिल्या दिवसापासून कोरडा राहतो.

नाशिक : २००३ ची झेन. ब्लोअर कधी चालतो, कधी नाही. डॅशबोर्डखाली हाताने ठोकलं की सुरू होतो. मोटर घरी उघडता येईल का?

ठोकल्यावर सुरू होणं ही झिजलेल्या कार्बनची खूण आहे. कार्बन आखूड झाला की मागची स्प्रिंग त्याला कम्युटेटरवर (शाफ्टवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर) नीट दाबत नाही. मोटर नेमकी खराब पट्टीवर थांबली की करंट जात नाही, धक्क्याने आर्मेचर (तारा गुंडाळलेला फिरता भाग) जरा सरकतं आणि सुरू होते. मोटर घरी उघडता येते. घाई मात्र करू नका.

बॅटरीची अर्थची (निगेटिव्ह) वायर काढा. डावीकडचा ग्लोव्ह बॉक्स उतरवा, त्याच्या मागे-खाली मोटर असते. कपलर (तारांचा प्लगसारखा जोड) सोडा. मोटरच्या पोटाला लावलेली छोटी रबरी नळी असेल तर तीही काढून जपून ठेवा. बहुतेक छोट्या गाड्यांत मोटर तीन स्क्रूंवर असते. शेवटचा काढताना खालून हात द्या, ती पिंजऱ्यासकट (हवा ढकलणाऱ्या गोल पंख्यासकट) खाली येते.

पिंजरा शाफ्टवर क्लिपने किंवा नटाने बसलेला असतो. क्लिप काढून तो सरळ वर ओढा. स्क्रूड्रायव्हरने एकाच बाजूने उचकलात तर मधला प्लॅस्टिकचा गट्टू तडकतो आणि मग पिंजरा कायम थरथरतो.

आता मोटरचा डबा. उघडण्याआधी डबा आणि झाकण दोन्हींवरून जाणारी एक रेघ टोच्याने ओढा. झाकण फिरून बसलं तर कार्बनची जागा चुंबकांच्या तुलनेत सरकते, मग मोटर ताकद धरत नाही आणि ठिणग्या मारते. कडेचे दुमडलेले कान हळूहळू सरळ करा, ते दोन-तीनदाच वाकवणं सोसतात. शाफ्टवरच्या बारीक चकत्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. एखादी राहिली तर आर्मेचर मागेपुढे सरकून टकटक करतं.

नवा कार्बन साधारण १० ते १२ मि.मी. लांब असतो, ५ मि.मी.च्या खाली गेला की बदलायचा. दुकानात मिक्सर-ड्रिलच्या कार्बनच्या मापात बसणारा तुकडा मिळेल, तो घेऊ नका. २३० व्होल्टच्या यंत्रांचा कार्बन काळा, तांबं नसलेला असतो. १२ व्होल्टच्या मोटरला तांबं मिसळलेला लागतो. तो हातात जड लागतो आणि घासलेल्या तोंडावर तांबूस झाक दिसते. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात जुना तुकडा दाखवून मागा. माप थोडं मोठं असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासा. होल्डरमध्ये तो अडखळल्याशिवाय सरकला पाहिजे.

कम्युटेटर ४०० नंबरच्या आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरच्या पट्टीने फिरवून घासा. काळा एमरी कापड टाळा, त्याचे कण फटींत अडकून पट्ट्या एकमेकींना जोडू शकतात. पट्ट्यांमधल्या फटी टाचणीने साफ करा. दोन शेजारच्या पट्ट्या कार्बनच्या भुकटीने जोडल्या गेलेल्या असणं ही फार नेहमीची गोष्ट आहे. पेट्रोलने धुऊ नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, ते पूर्ण वाळू द्या.

जोडताना दोन्ही कार्बन मागे ओढून बारीक तारेने अडकवा, आर्मेचर आत गेलं की तारा काढा. चुंबक आर्मेचरला झटक्यात ओढतात, बोट मध्ये ठेवू नका. मग २० अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून मोटर पिंजऱ्याशिवाय १२ व्होल्टवर चालवून बघा. गुळगुळीत चालली तर पिंजरा बसवा, आणि गाडीत लावल्यावर पहिला अर्धा तास कमी वेगात चालवा, म्हणजे कार्बनचं तोंड कम्युटेटरच्या गोलाईला बसतं.

रबरी नळी विसरू नका. ती पंख्याची थोडी हवा मोटरच्या पोटात नेते. ती न लावता बसवलेली मोटर आतून भाजते आणि दोष नव्या कार्बनला दिला जातो.

ठाणे : २००४ ची इंडिका. ब्लोअर फक्त सर्वांत वरच्या वेगात चालतो. रेझिस्टर वर्षात दोनदा बदलला, पुन्हा जळला.

दोन्ही वेळा रेझिस्टरच (करंट अडवून ब्लोअरचा वेग कमी करणारा भाग) बदलला आणि तो का जळला हे कोणी पाहिलं नाही. खालच्या वेगांत करंट रेझिस्टरच्या तारांतून जातो, वरच्या वेगात थेट. म्हणून तो जळला तरी वरचा वेग शाबूत राहतो.

समजा खालच्या वेगाचा रेझिस्टर २ ओहमचा आहे. निरोगी मोटर तिथे ३ अँपिअर घेत असेल तर रेझिस्टरमध्ये १८ वॅट उष्णता होते. बुश सुकून मोटर अडकली की करंट ५ अँपिअरपर्यंत जातो आणि तोच रेझिस्टर ५० वॅट झेलतो. शिवाय पंखा थांबल्याने त्याला गार करणारा वाराही बंद.

दुसरं कारण साचलेला पाला. यात एक फसगत आहे : वाट बुजली की हवा कमी हलते, त्यामुळे मोटर उलट कमी करंट घेते. अँपिअर बघून सगळं ठीक वाटतं आणि वाऱ्याविना रेझिस्टर भाजत राहतो. म्हणून मोजण्याआधी रेझिस्टरच्या भोकातून टॉर्च मारून आतली वाट बघा.

करंट मोजायला डीसी (बॅटरीचा करंट) मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो, जो तारेभोवती चिमट्यासारखा लावतात. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी, म्हणजे घरच्या विजेचा करंट मोजतात. साध्या मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या सॉकेटमधून पूर्ण वेगाचा करंट नेऊ नका, त्याचा फ्यूज उडेल. छोट्या गाडीत पूर्ण वेगाला साधारण ८ ते १४ अँपिअर दिसतात. याहून बरेच जास्त असतील तर आधी मोटरचं काम करा, मग तिसरा रेझिस्टर घ्या.

रेझिस्टरवर छोटा थर्मल फ्यूज असतो, जास्त तापलं की करंट तोडणारा. तो उडाला म्हणून तिथे नुसती तार जोडणं हा आगीला दिलेला रस्ता आहे, कुणाचंही ऐकून करू नका. त्यावर छापलेल्या तापमानाचाच नवा घ्या आणि थिंबल (तारांवर बसवायची धातूची नळी) दाबून जोडा. डाग दिला (सोल्डर केलं) तर कावियाच्या उष्णतेनेच तो उडतो.

पणजी : सँट्रोच्या ब्लोअरचा कपलर वितळून काळा पडलाय. नवा लावू की तारा थेट जोडू?

नवा कपलर, नव्या पिनांसकट. खाऱ्या दमट हवेत पिन हिरवी पडते, तिचा स्पर्श सैल होतो आणि तिथेच उष्णता तयार होते. तार आतून काळी झाली असेल तर चकाकतं तांबं दिसेपर्यंत कापा. काम झाल्यावर पूर्ण वेगात मोटरच्या दोन पिनांमध्ये व्होल्टेज मोजा. पिन आणि बॉडी असं मोजू नका, कारण बऱ्याच गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त फरकाने कमी भरलं तर अजून कुठेतरी सैल जोड आहे. पुढे स्विचचे पॉइंट बघा.

कोल्हापूर : मोटर दुरुस्त करून बसवली. आवाज पूर्वीइतकाच, पण हवा अगदीच मंद.

मोटर उलटी फिरते आहे. या पिंजऱ्याचा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूला ढकलतो, फक्त फार थोडी, म्हणून चटकन लक्षात येत नाही. दोन तारांची अदलाबदल करा.

पुणे : फक्त डावीकडे वळताना ब्लोअरमधून फरफर ऐकू येते.

पिंजऱ्यात पान आहे. वायपरखालच्या जाळीतून गुलमोहराच्या बारीक पाकळ्या आणि पानं आत जातात; जुन्या गाड्यांत केबिन फिल्टर नसतो, त्यांना अडवायला मध्ये काही नाही. मोटर उतरवून पाती ब्रशने झाडा. पात्यांवर चिकटवलेली धातूची बारीक क्लिप दिसली तर ती काढू नका, ती तोल साधायला लावलेली असते. जाळीखाली आतून मच्छरदाणीची जाळी लावून ठेवा, पण पाणी निघायचं भोक झाकू नका. ते तुंबलं तर पावसाचं पाणी थेट मोटरवर येतं.

सोलापूर : मोटर कधी टाकून द्यावी?

चुंबक तडकला किंवा डब्यापासून सुटला असेल, कम्युटेटरच्या पट्ट्या उचलल्या गेल्या असतील, किंवा बुशच्या जागी शाफ्टला नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर. आर्मेचरला जळक्या वॉर्निशचा वास येत असेल तरीही. अशा वेळी भंगार बाजारातली जुनी मोटर घ्यायला हरकत नाही, फक्त घेण्याआधी तिथेच बॅटरीवर चालवा, शाफ्ट हलवून बघा, आणि फिरण्याची दिशा व पिंजऱ्याची उंची जुन्या मोटरशी जुळवून घ्या.