पंच निवाडा देतो की साक्ष?

प्रश्न असा आला आहे: "लहानपणी काकांच्या तोंडून 'पंचांनी टिळकांना दोषी ठरवलं' असं ऐकलं होतं. पुस्तकांत तिथे 'ज्युरी' असतं. आणि बातम्यांत वाचतो, 'खटल्यातले दोन पंच फितूर झाले.' मग पंच म्हणजे निवाडा देणारा की साक्ष देणारा? ज्युरीला पंच म्हणणं चूक आहे का?"

काकांचं चुकलं नव्हतं. ते जुना अर्थ धरून बोलत होते. पण आज कोणी तसं लिहिलं तर वाचकाचा घोटाळा होईल, कारण मधल्या काळात 'पंच' या शब्दानं कोर्टात बाक बदललं आहे.

सुरुवात पेशवाईतल्या पंचांपासून करू. तेव्हा देण्याघेण्याचा, वतनाचा, वाटणीचा तंटा पंचायतीपुढे जाई. पंच पाचच असत असं नाही. नावात पाच असले तरी बसत कमीजास्त. गावातले, जातीतले, धंद्यातले जाणते लोक असत, आणि त्यांना तंट्याची आधीपासून माहिती असणं हा दोष मानत नसत. उलट, माहीतगार म्हणूनच त्यांना बोलावत. 'पाचांमुखी परमेश्वर' ही म्हण त्याच व्यवस्थेची. वादी-प्रतिवादी आधी लिहून देत की पंच ठरवतील ते आम्हांस मान्य. त्या लेखाला राजीनामा म्हणत. हो, तोच शब्द. राजी असल्याचा कागद. पुढे महसूल खात्यात जमिनीवरचा हक्क राजीखुशीनं सोडल्याचा कागद म्हणजे राजीनामा आणि नव्या धारकानं लिहून द्यायची ती कबुलायत, अशी जोडी झाली. तिथून 'सोडणे' हा अर्थ पुढे येऊन आज मंत्री राजीनामा देतात, बहुधा अजिबात राजी नसताना.

तर हा पंच एकाच वेळी जाणकार आणि निवाडा करणारा होता. इंग्रजी कोर्टानं या दोन भूमिका वेगळ्या केल्या, आणि तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे.

'ज्युरी' या शब्दाच्या पोटात शपथ आहे. लॅटिनमधल्या शपथ घेणे या अर्थाच्या धातूपासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. म्हणजे ज्युरी ही शपथ घेतलेली मंडळी. आपल्या पंचांना आकड्यानं ओळखायचं, त्यांच्या ज्युरीला शपथेनं. (लेखनाचं विचारलंत तर 'सुरी' तशी 'ज्युरी', उपान्त्य ऱ्हस्व. 'ज्यूरी' ही छापलेलं भरपूर दिसतं, त्यावरून भांडू नये.)

मुंबईत ज्युरी पेशवाई बुडण्याच्या आधीपासून होती, पण ती शहरातल्या राजाच्या कोर्टापुरती. 1826 च्या कायद्यानं हिंदी लोकांना ज्युरीत बसायची वाट उघडली, तीही अर्धवट: आरोपी ख्रिस्ती असेल तर ज्युरी ख्रिस्तीच हवी, आणि खटला चालवावा की नाही हे ठरवणाऱ्या मोठ्या ज्युरीतही ख्रिस्त्यांनाच प्रवेश. ही अट 1832 मध्ये निघाली. पुढे फौजदारी प्रक्रियेच्या संहिता आल्या. त्यांतली 1898 ची सर्वांत दीर्घायुषी, आणि तिचे ज्युरीबद्दलचे नियम भाषेच्या माणसानंही वाचावेत असे आहेत.

हायकोर्टात ज्युरी नऊ जणांची. बोलावलेल्यांतून चिठ्ठ्या टाकून नावं निघत आणि प्रत्येक नावाला हरकत आहे का, ते आरोपीला विचारत. 21 ते 60 वयाचे पुरुष या कामाला बांधील. बोलावूनही आला नाही तर शंभर रुपयांपर्यंत दंड, आणि तेव्हाचे शंभर म्हणजे थोडे नव्हेत. पोलीस, वकील, धंदा करणारे डॉक्टर, धर्मोपदेशक यांना माफी. विचार करायला ज्युरी आत गेली की बाहेरच्या कोणी तिच्याशी बोलायचं नाही. आणि या प्रश्नापुरतं सगळ्यांत महत्त्वाचं ते कलम 294: ज्युरीतल्या एखाद्याला खटल्यातली काही गोष्ट स्वतःला ठाऊक असेल, तर ते न्यायाधीशाला सांगणं त्याचं कर्तव्य आहे. मग त्याला शपथ देऊन, साक्षीदारासारखं उभं करून, सरतपासणी-उलटतपासणी करता येईल.

म्हणजे ज्या माहितगारीसाठी पंचाला मानानं बसवत, तीच ज्युररच्या बाबतीत कबूल करून टाकायची गोष्ट झाली. माहीत असेल तर पिंजऱ्यात येऊन सांग. बाकावर बसून मनातल्या मनात धरू नकोस.

गंमत पुढेच आहे. इंग्लंडातही ज्युरी मुळात अशी कोरी नव्हती. मध्ययुगात तिथले ज्युरर शेजारीपाजारीच असत आणि स्वतःला ठाऊक असलेलं शपथेवर सांगत. काही शतकांत ते साक्षीदाराचे निवाडेकरी झाले. आपल्याकडे पंचाचा प्रवास बरोबर उलटा झाला: होता निवाडेकरी, झाला साक्षीदार. दोघं वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेले असणार.

हा उलटा प्रवास कसा घडला? त्याच 1898 च्या संहितेत कलम 103 आहे. झडती घ्यायची तर पोलिसानं त्या परिसरातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी बोलवावेत, त्यांच्यासमक्ष झडती घ्यावी, सापडलेल्या वस्तूंची यादी करून तिच्यावर त्यांच्या सह्या घ्याव्यात. मूळ इंग्रजीत या लोकांना सरळ साक्षीदार म्हटलं आहे. आपल्या लोकांनी मात्र पाहिलं काय? गावातले चार प्रतिष्ठित जमले आहेत, समोर कागद लिहिला जातो आहे, खाली सह्या होत आहेत. असं दृश्य मराठी माणसाला एकाच शब्दानं सांगता येत होतं. म्हणून ते पंच झाले आणि कागद पंचनामा. निवाड्याचा अधिकार गेला, प्रतिष्ठा आणि सही तेवढी उरली. 1973 च्या संहितेत कलमाचा आकडा 100 झाला आणि 'प्रतिष्ठित'च्या जोडीला 'स्वतंत्र' हे विशेषण आलं. 2023 च्या नागरिक सुरक्षा संहितेत आकडा फिरून पुन्हा 103 वरच आला आहे.

या पदाचा अनुभव अस्मादिकांनीही घेतला आहे. शेजारी घरफोडी झाली, हवालदारानं जिन्यातच गाठलं आणि मी पंच झालो. चारएक वर्षांनी समन्स आलं. उलटतपासणीत वकिलानं विचारलं, "पंचनाम्यात 'मजकूर घर', 'सदर इसम', 'येणेप्रमाणे' असे शब्द आहेत. तुम्ही घरी असं बोलता का?" मी म्हटलं, नाही, पण ऐकायला आवडतं. कोर्टात हशा झाला. वकिलाचा मुद्दा बरोबर होता, पंचनाम्याची भाषा पंचाची कधीच नसते.

आता तुमच्या काकांकडे. 'पंच' शब्दात गुंता वाढवणारा आणखी एक गृहस्थ होता: असेसर. जिल्ह्याच्या सेशन्स कोर्टात सगळीकडे ज्युरी नसे. बऱ्याच ठिकाणी न्यायाधीशाच्या बाजूला असेसर बसत आणि खटला संपला की एकेकानं आपलं मत सांगत. ते मानायला न्यायाधीश बांधलेला नसे. ज्युरीचं मात्र सेशन्स जज्जाला असं बाजूला सारता येत नसे. ते अगदीच पटलं नाही तर कलम 307 खाली प्रकरण हायकोर्टाकडे पाठवावं लागे. दोघांतला फरक शपथेतही दिसतो. 1873 च्या शपथांच्या कायद्यात शपथ घ्यायची ती साक्षीदारानं, दुभाषानं आणि ज्युररनं. असेसरचं त्या यादीत नावच नाही. सल्ला देणाऱ्याला कशाला शपथ! असेसर 1955 च्या दुरुस्तीनं गेले. म्हणून जुन्या लिखाणात 'पंच' दिसला की आधी पाहावं, ज्युरी, असेसर की झडतीचा पंच. संदर्भाशिवाय सांगता येत नाही.

टिळकांचे 1897 आणि 1908 चे राजद्रोहाचे दोन्ही खटले मात्र निःसंशय ज्युरीचे, कारण ते हायकोर्टात चालले. हायकोर्टात एकमत नसेल तर किमान सहा जण एका बाजूला हवेत आणि न्यायाधीश त्यांच्याशी सहमत हवा, असा नियम. 1897 मध्ये न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे कौल पडला सहा विरुद्ध तीन: सहा युरोपीय 'दोषी' म्हणाले, तिघे हिंदी 'निर्दोष'. कायद्याला हवे तेवढेच सहा, एकही जास्त नाही. शिक्षा दीड वर्षाची. 1908 मध्ये न्या. दावर, ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी, कौल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षांची.

भाषेच्या दृष्टीनं 1908 चा खटला फारच बोलका आहे. सरकारला खास ज्युरी हवी होती. टिळकांच्या बाजूचे वकील जोसेफ (काका) बॅप्टिस्टा यांनी विरोध करताना मुद्दा मांडला की खास ज्युरीत भरणा युरोपियनांचा होणार आणि त्यांना मराठी येत नाही. लेख 'केसरी'तले, अस्सल मराठीतले. अर्ज मान्य झाला. मग ज्युरीनं वाचली ती सरकारी भाषांतरं, आणि टिळक सरकारी भाषांतरकाराला मराठी शब्दांच्या छटांवरून उलटतपासणीत घेत बसले. राजद्रोहाचा गुन्हा मनातल्या भावनेवर बेतलेला, भावना शब्दांवरून ओळखायची, आणि ते शब्द निवाडा करणाऱ्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते! जुन्या पंचायतीत निदान एवढी अडचण नव्हती.

ज्युरीचं जे सांगणं त्याला मी वर 'कौल' म्हटलं, ते मुद्दाम. 'निकाल' आणि 'शिक्षा' न्यायाधीशाच्या. ज्युरी फक्त दोषी की निर्दोष एवढंच सांगते, कारणं देत नाही. देवाला कौल लावला की फूल उजवं पडतं किंवा डावं, का ते देव सांगत नाही. त्याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही. टिळकांचं हायकोर्टात कोरलेलं प्रसिद्ध वाक्यही ज्युरीचा कौल काहीही असला तरी मी निर्दोष आहे, अशाच अर्थानं सुरू होतं. न्यायाधीशाबद्दल त्यात एक शब्द नाही, याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही.

राहिला 'फितूर'. त्याआधी 'साक्षीदार' पाहू. संस्कृतात साक्षी म्हणजेच प्रत्यक्ष पाहणारा. पाणिनीनं त्यासाठी स्वतंत्र सूत्र दिलं आहे. मग त्याला फारसी 'दार' कशाला? कारण मराठीत 'साक्षी' हा माणूस न राहता बहुतेक वेळा त्याचं सांगणं झालं: साक्ष देणे, साक्षी काढणे. ते ज्याच्याजवळ आहे तो साक्षीदार, जसा जमीनदार. 1872 च्या पुराव्याच्या कायद्याची अपेक्षाही शब्दाच्या मूळ अर्थाशी छान जुळते: पाहिलेल्या गोष्टीची साक्ष ती पाहणाऱ्यानंच द्यावी, ऐकीव चालणार नाही. आणि किती साक्षीदार हवेत याला आकडा नाही. एक पुरे, खरा असला तर. शपथेचं म्हणाल तर 1840 पर्यंत हिंदूंना गंगाजलावर आणि मुसलमानांना कुराणावर शपथ देत. त्या वर्षी कायद्यानं ते बंद होऊन प्रतिज्ञा आली. गीतेवर हात ठेवणं आपण शिकलो ते सिनेमातून, शपथांच्या कायद्यात गीतेचं नाव नाही.

ज्या बाजूनं बोलावलं तिच्याच विरुद्ध साक्षीदार बोलू लागला की कोर्टाच्या परवानगीनं ती बाजू त्याला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारू शकते. जुन्या कायद्याचं कलम 154, आताच्या साक्ष अधिनियमात 157. कायद्यानं त्या माणसाला नाव ठेवलेलं नाही. वकिलांनी इंग्रजीत 'होस्टाइल' म्हटलं, आणि मराठीनं थेट किल्ल्याचा दरवाजा उघडून देणाऱ्याचा शब्द उचलला: फितूर. तो घाबरला असेल, विसरला असेल, किंवा पोलिसांनी जे लिहून घेतलं तेच खोटं असेल, आणि आता तो खरं बोलत असेल. त्याची साक्ष पूर्ण पुसलीही जात नाही, विश्वासार्ह भाग कोर्ट घेऊ शकतं. मी 'साक्षीदार उलटला' म्हणतो. छापखान्यातल्यांना 'फितूर' सोयीचा, छोटा असल्यानं मथळ्यात बसतो, त्याला इलाज नाही.

आपली ज्युरी 1973 च्या संहितेनं उरलीसुरली संपली. नौदल अधिकारी नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात 1959 मध्ये ज्युरीनं आठ विरुद्ध एक असा 'निर्दोष' कौल दिला, सेशन्स जज्जानं वर सांगितलेल्या कलम 307 खाली तो हायकोर्टाकडे पाठवला आणि तिथे शिक्षा झाली. ज्युरी त्या एका खटल्यानं बुडाली असं सांगतात ते अतिसोपं आहे. विधी आयोगानं 1958 मध्येच ती बंद करा म्हटलं होतं. पारशी विवाह न्यायालयात न्यायाधीशाला साहाय्य करणारे प्रतिनिधी असतात, पूर्वी सात, 1988 पासून पाच. लोक त्यांनाही ज्युरीच म्हणतात. आकड्यानं पाहिलं तर आज 'पंच' हे नाव शोभावं असे तेवढेच.

तेव्हा लिहिताना: टिळक, नानावटी किंवा अमेरिकेतला खटला असेल तर ज्युरी, तिचा कौल. झडती, जप्ती, पंचनामा असेल तर पंच, त्याची साक्ष. क्रिकेटच्या मैदानावर पंच अजून निवाडा देतो, तिथे काकांचा अर्थ शाबूत आहे. आणि 'दोन पंच फितूर झाले' याचा अर्थ एवढाच, की पंचनाम्यावर सही केलेल्या दोघांनी कोर्टात 'आमच्यासमक्ष असं काही झालं नाही' म्हटलं.