वाचकांचे प्रश्न : घरी बांधलेल्या शिडाच्या होडीतील सुधारणा

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. शेजारच्या गृहस्थांनी फार वर्षांपूर्वी संच आणून घरी बांधलेली 'मिरर' जातीची लाकडी होडी त्यांनी आम्हाला दिली आहे. मधल्या काळात तिच्यात बरेच बदल झाले असून हवाबंद कप्प्यांना प्लॅस्टिकची गोल झाकणे, दोर ओढण्याच्या नव्या कप्प्या (पुली) आणि तळाला पाणी काढणारी झडप बसवलेली दिसते. शिडे मात्र जुनीच आहेत. पुढील सुधारणा शिडांपासून सुरू करावी का?
– एक वाचक, ब्रिस्टल

उत्तर : शिडांना शेवटी हात लावावा. आधी लाकडात पाणी कोठून शिरते ते शोधावे, मग दोर आणि कप्प्या पाहाव्यात.

१९६३ साली 'डेली मिरर' या वृत्तपत्राच्या पुढाकाराने ही होडी बाजारात आली. जॅक होल्ट आणि दूरचित्रवाणीवरून घरगुती सुतारकाम शिकवणारे बॅरी बकनेल यांनी ती अशी आखली, की प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवून सांध्यांवर काचतंतूंची पट्टी राळेने चिकटवली म्हणजे सामान्य माणसालाही ३.३ मीटर लांबीची होडी उभी करता यावी. त्या काळची पॉलिएस्टर राळ लाकडाला इपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या राळेइतकी घट्ट धरत नाही. त्यामुळे जुन्या होड्यांमध्ये पट्टीच्या कडा सुटतात आणि त्यांच्याखाली ओल साचून राहते. सुटलेली पट्टी खरवडून काढावी, लाकूड पूर्ण वाळू द्यावे आणि नवी पट्टी इपॉक्सीने बसवावी. मात्र इपॉक्सी उन्हाने खराब होत असल्याने तिच्यावर रंग किंवा व्हार्निश हवेच.

तुमच्या होडीतील सर्वांत मोलाची सुधारणा म्हणजे ती गोल झाकणे, असे माझे मत आहे. होडी वापरात नसताना ती उघडी ठेवली, की बंद कप्प्यांत हवा खेळते. लाकूड कुजण्याचा धोका समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा साचलेल्या पावसाच्या पाण्याने अधिक असतो आणि इंग्लंडच्या हवेत हे विसरून चालत नाही. पाण्यात उतरण्यापूर्वी झाकणे घट्ट लावावीत, कारण होडी उलटली तर तिला तरंगती ठेवणारे हेच कप्पे आहेत.

आता कप्प्या. कोणी नवी कप्पी किंवा दोर अडकवण्याची खुंटी बसवली, की प्लायवूडला एक भोक पडले आणि ते उघडे राहिले तर पाणी थरांमध्ये शिरते. म्हणून जुना प्रत्येक स्क्रू काढून पाहावा. भोवतीचे लाकूड काळवंडले असेल तर भोक मोठे करावे, ते इपॉक्सीने भरावे आणि घट्ट झाल्यावर त्यातच नवे बारीक भोक पाडावे. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु होडीचे आयुष्य यानेच वाढते. ज्या खुंट्या वापरात नाहीत त्या काढून टाकून भोके कायमची बुजवावीत, म्हणजे वजनही थोडे कमी होईल.

तळाची झडप होडी वेगात असतानाच पाणी ओढते आणि मंद वाऱ्यात तीच पुष्कळदा झिरपते. शर्यतीत उतरायचे नसेल तर ती काढून, तळ नीट बुजवून, दोरीने बांधलेली बादली जवळ ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

शिडे विटली असली तरी शिवण शाबूत असेल तर आणखी काही काळ चालतील. बदलताना रंग लालच ठेवावा, कारण मिररची ओळखच ती आहे. या होडीची डोलकाठी आखूड असून शिडाची वरची काठी तिच्यालगत चढवली जाते, त्यामुळे सगळ्या काठ्या होडीच्या लांबीत मावतात आणि मोटारीच्या टपावरून नेता येतात. पुढे मिरर होड्यांच्या शर्यतीच्या नियमांनी एकसंध उंच डोलकाठीलाही परवानगी दिली. ती शर्यतीला सोयीची आहे, पण कुटुंबाच्या सहलीसाठी जुनीच मांडणी ठेवावी.

ही सर्व कामे झाल्यावर प्रत्येक कप्प्याची झाकणे लावून नळीने तोंडाने हलकेच हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे. पंपाची हवा मुळीच भरू नये. तेवढ्या दाबाने सांधे उखडू शकतात.