डीएम करणारी मुलगी, रिसर्चचं एक वर्ष आणि जळगावचा प्लॉट

प्रश्न : मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. मुलगी एमबीबीएस, एमडी मेडिसिन करून आता क्लिनिकल हिमॅटॉलॉजीच्या, म्हणजे रक्तविकारांच्या, डीएमला (एमडीनंतरची पदवी) शेवटच्या वर्षात आहे. वय ३१. जळगावात तिच्या हॉस्पिटलसाठी प्लॉट घेतलाय, नकाशा काढून झालाय. आता ती म्हणते, आधी वर्षभर क्लिनिकल रिसर्चचं ट्रेनिंग करायचंय. माझा भाचा बी.फार्म. झाल्यावर पुण्यात सहा महिन्यांचा क्लिनिकल रिसर्चचा कोर्स करून कंपनीत डेटा भरतो. एवढं शिकून हिनेही तेच करायचं का? मी तिला सांगितलंय, हॉस्पिटल नको असेल तर प्लॉट विकून टाकतो. तुम्ही तिला समजवा.

उत्तर : भाऊ, तुमचं चार पानी पत्र मी दोनदा वाचलं. सोबतची नकाशाची झेरॉक्स त्याहून जास्त वेळ बघितली. आणि चौथ्या पानाच्या मागे तुमच्या मुलीने बारीक अक्षरात लिहिलेल्या पाच ओळीही वाचल्या. त्या तुम्ही वाचल्यात की नाही, मला कळत नाही.

आधी नकाशाबद्दल बोलते. तळमजल्यावर ओपीडी, मेडिकल स्टोअर, वर जनरल वॉर्ड, दोन बेडचं आयसीयू आणि कोपऱ्यात लेबर रूम. भाऊ, तुमची मुलगी रक्तविकारतज्ज्ञ आहे. ती बाळंतपणं करणार नाही. तिला लागेल ती दिवसभरात केमोथेरपी किंवा रक्त देऊन रुग्णाला संध्याकाळी घरी पाठवण्याची डे केअरची खोली, आणि ती या नकाशात नाही. प्लेटलेट वेळेवर देणारी रक्तपेढी जवळ आहे का, बोनमॅरोचे (हाडातल्या मगजाचे) नमुने तपासायला कुठे पाठवायचे, याचा विचारही कुठे दिसत नाही. इंजिनिअरने हॉस्पिटलचा तयार नकाशा दिला आणि तुम्ही पसंत केला, असं झालं असावं. तिला एकदा विचारलं असतं तर पाच मिनिटांत तिने ही चूक दाखवली असती. मला काळजी वाटते ती इथे. पैसा तुमचा, कष्ट तुमचे, माया तर आहेच आहे, पण ज्या माणसासाठी हे सगळं उभं करताय त्याच्याशी बोलणंच झालेलं नाही.

आणि प्लॉट विकण्याची धमकी कृपा करून मागे घ्या. एकतीस वर्षांची, रोज कर्करोगाच्या रुग्णांच्या नातेवाइकांशी अवघड बोलणी करणारी बाई आहे ती. बारावीच्या मुलीला क्लास बंद करीन म्हणून घाबरवावं, तसं तिला घाबरवू नका. स्थळांचा विषय तुम्ही तिसऱ्या पानावर काढलाय. त्याला मी उत्तर देणार नाही, कारण या निर्णयाशी त्याचा संबंध नाही.

आता भाच्याचं. हा गैरसमज फार घरांत आहे, म्हणून सविस्तर लिहिते. भाचा करतो ते काम महत्त्वाचं आहे. औषधाच्या चाचणीत प्रत्येक रुग्णाची नोंद चोख राहिली नाही तर सगळी चाचणी वाया जाते. पण त्या चाचणीत कोणता प्रश्न विचारायचा, कोणते रुग्ण घ्यायचे, औषध लागू पडलं हे कशावरून ठरवायचं आणि धोका दिसला तर कधी थांबायचं, हे डॉक्टर ठरवतो. मुलीला शिकायचंय ते हे. तुम्हाला ते माझ्याहून लवकर कळेल. नवं खत आलं की तुम्ही सगळ्या बागेला घालत नाही, दोन ओळी तशाच सोडता. आता समजा खत घातलेल्या ओळी विहिरीजवळच्या होत्या आणि सोडलेल्या ओळी बांधाकडच्या मुरमाड जमिनीत. घड भरले ते खताने की पाण्याने? म्हणून कुठल्या ओळीला खत जाणार ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. माणसांवरच्या चाचणीतही तेच करतात. अजून एक : खताने पानं हिरवीगार झाली, पण घडाचं वजन वाढलंच नाही, तर तुम्ही त्या खताला चांगलं म्हणाल का? सिकलसेल या आनुवंशिक आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि वेदनेचे झटके येतात. त्यावर वोक्झेलोटर नावाचं औषध आलं होतं. त्याने हिमोग्लोबिन वाढतं, एवढ्या पुराव्यावर २०१९मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. पुढच्या चाचण्यांमध्ये वेदनेचे झटके आणि मृत्यू यांचं प्रमाण काळजी वाटावी असं दिसलं, आणि सप्टेंबर २०२४मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. हिमोग्लोबिन म्हणजे पानं झाली, भाऊ. घड कशाला म्हणायचं, हे ठरवायला शिकावं लागतं आणि ते डीएमच्या तीन वर्षांत वॉर्डाच्या धबडग्यात नीट शिकून होत नाही. प्रबंध होतो, पण बहुतेकदा सरांनी दिलेल्या विषयावर.



आता तिच्या पाच ओळी. तिने लिहिलंय की एमडीनंतर बाँडच्या (सक्तीच्या सरकारी सेवेच्या) वर्षात ती नंदुरबार जिल्ह्यात होती. धडगाव, अक्कलकुव्याकडची सिकलसेलची मुलं यायची. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या सुरू केल्या की त्यांचे वेदनेचे झटके कमी व्हायचे. पण या गोळ्यांनी पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं. दिवाळी झाली की पाड्यावरची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. मुलं तपासणीला येत नाहीत, गोळ्या संपतात, पावसाळ्याच्या तोंडाला पोरगं परत येतं ते कण्हतच. शेवटची ओळ अशी : ‘कमी मात्रेवर ठेवून तपासणी तीन महिन्यांनी केली तर या मुलांना चालेल का, हे मला शोधायचंय.’

भाऊ, मी बरीच वर्षं हे सल्ला देण्याचं काम करतेय. इतका नेमका प्रश्न घेऊन माझ्याकडे फार थोडी मुलं आली. हायड्रॉक्सीयुरियाची मोठी चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. अमेरिका आणि कॅनडातले २९९ प्रौढ रुग्ण होते, आणि झटके जवळपास निम्म्यावर आले. पण ती मोठी माणसं होती, ऊसतोडीला जाणारी नव्हती, आणि आपल्याकडच्या सिकलसेल रुग्णांत गर्भावस्थेतलं, आजाराचा जोर कमी करणारं हिमोग्लोबिन बऱ्याचदा जास्त टिकून राहतं, म्हणजे आजाराची ठेवणही वेगळी. तिथलं उत्तर सातपुड्यात जसंच्या तसं लागू होईल असं धरून चालता येत नाही. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन असं उद्दिष्ट तेव्हा ठेवलं गेलं. तपासणीत सापडलेल्या मुलांना पुढे कसं सांभाळायचं, हा प्रश्न तर आजच समोर उभा आहे, आणि तुमच्या घरातली मुलगी तो सोडवायला निघालीये.

तरीही तिला आंधळेपणाने जाऊ द्या असं मी म्हणणार नाही. पुढचं तिच्यासाठी : बेटा, ट्रेनिंगचं नाव आणि सर्टिफिकेट बघू नकोस, गुरू कोण आहे ते बघ. त्यांनी स्वतः चाचणी उभी करून तडीस नेली आहे का, याची चौकशी कर. वर्षाच्या शेवटी तुझा स्वतःचा, एथिक्स कमिटीपुढे (चाचणीत रुग्णांचं हित जपलं जातंय का हे तपासणाऱ्या समितीपुढे) ठेवता येईल असा प्रोटोकॉल, म्हणजे चाचणीचा लेखी आराखडा, हातात असेल का, हे स्पष्ट विचार. आठवड्यातले दोन दिवस तरी संशोधनासाठी राखीव हवेत. ते लेखी मिळत नसतील तर तू वर्षभर दुसऱ्याचे फॉर्म भरत बसशील आणि मग बाबांचं म्हणणं खरं ठरेल. संख्याशास्त्राला घाबरू नकोस. पण संमतीपत्राकडे सगळ्यांत जास्त लक्ष दे. सातपुड्यातली पावरी बोली बोलणाऱ्या, लिहिता न येणाऱ्या आईचा अंगठा घेण्याआधी तिला तिच्या बोलीत सगळं समजलं पाहिजे आणि तिच्या बाजूने बघणारा तटस्थ साक्षीदार तिथे हवा. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेत या आजारावर वर्षानुवर्षं काम झालंय, तिथल्या लोकांना अर्ज करण्याआधी भेट.

आणि भाऊ, हे वर्ष आत्ताच का? कर्ज काढून हॉस्पिटल सुरू झालं की दर महिन्याला हप्ता असतो. हप्ता भरणारा डॉक्टर वर्षभर ओपीडी बंद ठेवून शिकायला जात नाही, हे तुम्हालाही पटेल. एक-दोन वर्षं कमाई कमी राहील, ते मान्य करूनच चला. ती परत येऊन जळगावात बसेल की नंदुरबारच्या मेडिकल कॉलेजात शिकवत हे काम करेल, ते आज मी सांगू शकत नाही, आणि तुम्हीही तिच्याकडून कबूल करून घेऊ नका.

तुम्ही मला तिची समजूत घालायला सांगितलीत. ते मी करणार नाही. अशा ट्रेनिंगच्या अर्जाला स्वतःचा संशोधनप्रश्न थोडक्यात लिहून द्यावा लागतो. तिला म्हणा, आधी मराठीत लिही आणि मला वाचून दाखव. कळलं नाही तिथे अडवा, शेतीतलं उदाहरण मागा. हे झाल्यावर नकाशा मध्ये ठेवून दोघं बसा. झेरॉक्स परत पाठवतेय, लेबर रूमवर पेन्सिलीने गोल केलाय.