टेबल सॉवर फोटो फ्रेमचे कोपरे जुळत नाहीत, मायटर स्लेड (४५ अंशांचे काप घ्यायला सॉच्या टेबलावर सरकणारा पाट) कसा बनवू?

स्लेडवर दोन फेन्स (लाकूड टेकवायचे सरळ आधार) लावा आणि त्या एकमेकींशी बरोब्बर ९० अंशात आहेत एवढं बघा, प्रत्येक फेन्स ब्लेडशी ४५ ला आहे की नाही याचा फार ताण घेऊ नका. कारण कोपऱ्याची एक पट्टी डाव्या फेन्सवर आणि दुसरी उजव्या फेन्सवर कापली की एक ४४.८ आली तर दुसरी आपोआप ४५.२ येते, बेरीज ९० च. सगळं एकाच फेन्सवर कापलं तर फ्रेमला आठ काप, प्रत्येकी अर्धा अंश चुकला तरी शेवटच्या कोपऱ्यात ४ अंशांची फट, मग बसा भुसा नि फेविकॉल भरत. मी फ्रेम करतो त्या स्लेडला १२ मिमी प्लाय आहे, खाली टेबलाच्या खाचेत न डगमगता सरकणारे दोन रनर, पहिली फेन्स फिक्स, दुसरी गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून आधी एकाच स्क्रूवर, टेस्ट कापाचा जोड गुण्यात बसला की बाकीचे स्क्रू. फक्त समोरासमोरच्या पट्ट्या अगदी सेम लांबीच्या हव्यात (स्टॉप ब्लॉक, म्हणजे लांबी ठरवणारा ठोकळा, लावाच), नाहीतर कोन परफेक्ट असूनही फट दिसणार.